हजेरीपटाबाहेरचा विद्यार्थी

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठाचे नियम करणाऱ्यांच्या मनात एक विद्यार्थी ठरलेला असतो. तो जूनमध्ये प्रवेश घेतो आणि परीक्षेपर्यंत रोज वर्गात येतो. तो जिने चढतो, फळ्यावरचे वाचतो, मागच्या बाकावरूनही अध्यापकांचा आवाज ऐकतो आणि सलग तीन तास उत्तरपत्रिका लिहितो. आजारी पडलाच तर वर्षातून एकदा, तोही परीक्षेचे दिवस टाळून. आणि जवळच्या डॉक्टरचा दाखला दुसऱ्याच दिवशी कार्यालयात आणून देतो. हा विद्यार्थी कोणत्याही अधिनियमात नावाने लिहिलेला नाही. परंतु हजेरीची टक्केवारी, परीक्षांचे वेळापत्रक, वसतिगृहाचे मजले, प्रात्यक्षिकांच्या तारखा ही सारी व्यवस्था त्याच्याच मापाने बेतलेली असते. ज्याचे शरीर या मापात बसत नाही त्याला कोणी प्रवेश नाकारत नाही. तो काही महिन्यांनी आपोआप गळतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढली जाते आणि प्रश्न मिटला असे समजले जाते.

दिव्यांग विद्यार्थी आणि विद्यापीठ हा प्रश्न सामान्यतः शहरातून मांडला जातो, आणि शहरात त्याची चिन्हे ठरून गेली आहेत : चाकाची खुर्ची, पांढरी काठी, उतरता रस्ता. ही चिन्हे खोटी नाहीत. परंतु नंदुरबार जिल्ह्यात तेवढ्यावर थांबले, तर प्रश्नाचा मोठा भाग नजरेआड राहतो. म्हणून प्रथम जिल्हा पाहिला पाहिजे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा आहे : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख भरली. त्यात शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते. आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रातील जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. येथील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत ते १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून जळगावला स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. नंदुरबारहून जळगाव रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. अक्राणीच्या पाड्यावरच्या मुलाला मात्र आधी सातपुड्याचा घाट उतरून शहादा किंवा तळोदा गाठावे लागते, तेथून नंदुरबार, आणि मग ही गाडी. एका अर्जावर एक सही हवी असेल, तर जाण्यायेण्यात दोन दिवस आणि घरातल्या दोन दिवसांची मजुरी जाते. धडधाकट मुलाचीही जेथे ही स्थिती, तेथे दुखण्याने वाकलेल्या मुलाची काय असेल याचा विचार नियम करणाऱ्यांनी कधी केला असेल असे नियमांवरून वाटत नाही.

ते दुखणे कोणते? या जिल्ह्यात ते रक्तातून येते. सिकलसेल हे त्याचे नाव एव्हाना पाड्यापाड्यावर माहीत झाले आहे. रक्तातील तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. या आजारात हिमोग्लोबिनच्या घडणीत जन्मतःच एक फरक असतो आणि प्राणवायू कमी पडला की ती पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. पेशी लवकर फुटत असल्यामुळे रक्तक्षय कायमचा मागे लागतो. काहींच्या मांडीच्या हाडाचा खुबा झिजतो. काहींना लहान वयातच पक्षाघात होतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे : वाहक हा रोगी नव्हे. त्याच्या अंगात दोष अर्धा असतो आणि तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. रोग असतो तो ज्याला दोन्हीकडून दोष मिळाला त्याला.

पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत या रोगाचा माग काढण्यात आयुष्य घालवले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ आढळले. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी होते, पत्रिका मिळते, विवाह जुळवताना ती पाहावी असे सांगितले जाते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु ज्या मुलीच्या पत्रिकेवर आज रोग लिहिला आहे आणि जी आज पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिने २०४७ पर्यंत काय करावे याचे उत्तर आरोग्य खात्याकडे नाही. ते विद्यापीठाकडे असावयास हवे होते.

या रोगाचा आणि विद्यापीठाचा संबंध फार जुना आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सिकलसेलचा पहिला नोंदलेला रुग्ण हा एक विद्यार्थीच होता. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९०४ साली दंतवैद्यकी शिकण्यासाठी शिकागोला गेला. शिक्षण चालू असताना त्याला पुन्हा पुन्हा रुग्णालयात जावे लागले. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली निबंध प्रसिद्ध करून त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशी प्रथम जगापुढे मांडल्या. त्या निबंधाचा गौरव आजही होतो. परंतु त्यातील रुग्णाने आजारपणे सोसून १९०७ साली पदवी घेतली, मायदेशी परत जाऊन दवाखाना थाटला आणि १९१६ साली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो व्यवसाय केला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि रोगाला नावही नव्हते. तरीही हा विद्यार्थी पदवीधर झाला. आज हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे. ते नियमित घेतले तर वेदनेचे झटके कमी होतात. २०२० साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. असे असता या जिल्ह्यातील सिकलसेलग्रस्त विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडत असेल, तर दोष एकट्या रोगाच्या माथी मारता येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू जाता, तो पुष्कळच स्पष्ट आहे. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधीचा पहिला कायदा केला. जावेद आबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दिल्लीत रस्त्यावर उतरून त्याचा आग्रह धरला होता. त्या कायद्याने शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा राखल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांचा करार आला; भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. या कायद्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यात हिमोफिलिया व थॅलेसेमिया यांच्याबरोबर सिकलसेलचे नाव स्वच्छ अक्षरांत आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांनी निदान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखाव्यात आणि वयाच्या अटीत पाच वर्षांची सूट द्यावी असे कलम ३२ सांगते. शासकीय नोकरीतील राखीव जागांच्या यादीत मात्र रक्तविकार घेतलेले नाहीत. म्हणजे सिकलसेलग्रस्त तरुणाला नोकरीच्या दारात ही ढाल नाही. जे मिळवावयाचे ते शिक्षणाच्याच बळावर. मोफत शिक्षणाचा हक्कही कायद्याने ६ ते १८ वयापर्यंतच दिला आहे. महाविद्यालयाची पायरी चढावयाची आणि तो हक्क संपावयाचा, असा हा योग आहे.

परंतु राखीव जागा हा या कायद्याचा गाभा नव्हे. गाभा आहे तो ‘वाजवी तजवीज’ असे मराठीत ज्याला म्हणता येईल त्या कल्पनेत. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क भोगता यावा यासाठी व्यवस्थेत आवश्यक तो बदल करणे, आणि तो संस्थेवर बेसुमार बोजा पडणार नाही इतक्या बेताने करणे, असा तिचा अर्थ. अशी तजवीज नाकारणे हा भेदभाव होय, असे कायद्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य बदल करावेत, जादा वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, हेही कायद्यात आहे. आणि २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. लिहिताना हाताला पेटका येणाऱ्या त्या उमेदवाराचे दिव्यांगत्व ४० टक्के नाही म्हणून लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले की ४० टक्क्यांची मर्यादा राखीव जागांसारख्या लाभांपुरती आहे. वाजवी तजवीज मागण्याचा हक्क त्या मर्यादेत कोंडता येणार नाही.

या कायद्याच्या उजेडात महाविद्यालयातील एक वर्ष पाहावे. अक्राणीच्या एखाद्या पाड्यावरची, सिकलसेल असलेली एक मुलगी शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या वसतिगृहात राहून शिकते आहे अशी कल्पना करावी. हा रोग उसळण्याची चार निमित्ते डॉक्टर नेहमी सांगतात : थंडी, अंगातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि ताप. पहिल्या सत्राच्या परीक्षा थंडीच्या तोंडावर येतात आणि दुसऱ्या सत्राच्या खानदेशच्या उन्हाळ्यात. वसतिगृहात खोली वरच्या मजल्यावर आहे आणि पिण्याचे पाणी तळमजल्यावर. ज्या रोग्याने दिवसभर पाणी पीत राहावे तो जिन्याच्या धास्तीने पाणीच कमी पितो. वेदना उठली की चार दिवस, आठ दिवस ती अंथरुणाला खिळते. बहुधा ती घरी जाते, कारण सांभाळणारी आई तेथे असते. सुट्टीत आईवडिलांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जावे लागले, तर श्रमाने पुन्हा तेच. परत येते तेव्हा ७५ टक्के हजेरीचा नियम तिची वाट पाहत असतो. अंतर्गत चाचणी होऊन गेलेली असते. ‘वैद्यकीय दाखला आणा’ असे कार्यालय सांगते. परंतु ज्या दिवसांत ती पाड्यावर तळमळत होती, त्या दिवसांत तिला पाहणारा डॉक्टरच नव्हता. दाखला कोण देणार? आठ दिवसांनंतर ती चालती-बोलती दिसते. तिच्या अंगावर आजाराची खूण नाही. म्हणून कारकुनाला ती सबब सांगते आहे असे वाटते, आणि कारकुनाला तसे वाटणे हेही अस्वाभाविक नाही, कारण अदृश्य वेदनेसाठी त्याच्या टेबलावर रकानाच नाही.

कित्येकदा एखादा सहृदय प्राध्यापक मध्ये पडतो. तो हजेरी सांभाळून घेतो, चाचणी पुन्हा घेतो, स्वतःच्या खिशातून गाडीभाडे देतो. अशी माणसे आहेत म्हणून पुष्कळ मुले तरली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. या खानदेशात त्याची परंपराही आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, आजारी मुलांच्या उशाशी बसत. परंतु साने गुरुजी प्रत्येक वसतिगृहाला मिळत नाहीत. शिवाय सहृदय माणसाची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि त्याने दिलेली सूट त्याच्याबरोबर जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, कृपेने मिळालेली सूट विद्यार्थ्याला मिंधे करते. जे त्याला कायद्याने मिळावयाचे ते त्याला विनवणी करून, प्रत्येक सत्रात नव्याने, प्रत्येक अध्यापकापुढे आपल्या दुखण्याची कहाणी सांगून मिळवावे लागते. तजवीज ही नियमात हवी, ती आधी ठरलेली हवी, आणि विद्यार्थी आजारी पडण्यापूर्वी त्याच्या हाती लेखी असावयास हवी. एवढी एकच मागणी या व्याख्यानात करावयाची आहे. बाकीचे सारे तिच्यातून निघते.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप दर्जाचा. हजेरी आणि परीक्षा सैल केल्या तर पदवीला किंमत काय राहील, असे विचारले जाते. यात एक गफलत आहे. पदवी ही विद्यार्थ्याला काय येते याची साक्ष असते. अमुक मंगळवारी तो बाकावर बसला होता याची ती साक्ष नव्हे. तीच प्रश्नपत्रिका, तेच गुणदान, तीच उत्तीर्णतेची रेषा ठेवून केवळ दिवस बदलला तर दर्जाला कोणता धक्का बसतो? केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे जादा द्यावयाची असतात. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला एक तास वाढतो, प्रश्न सोपे होत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२१ पासून श्रेयांकांची बँक आली आहे. विद्यार्थ्याने मध्येच शिक्षण थांबवावे, मिळवलेले श्रेयांक जमा ठेवावेत आणि पुन्हा येऊन पुढे चालू करावे, हे आता नियमाला मान्य आहे. इतरांच्या सोयीसाठी जे लवचीक होऊ शकते, ते आजारी विद्यार्थ्यासाठी ताठ राहण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. उद्वाहक, उतरते रस्ते, ब्रेल ग्रंथ यांना खर्च येतो हे खरे. इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०१७ मध्ये नियम झाल्यापासून मोजली, तर ती २०२२ मध्येच संपली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करण्याचे केंद्राला बजावले. तेव्हा तो खर्च शासनाने आणि विद्यापीठाने केलाच पाहिजे. परंतु सिकलसेलग्रस्त मुलीसाठी जे लागते त्याची यादी करून पाहावी : तळमजल्यावरची खोली, जवळ पिण्याचे पाणी, थंडीत एक जादा पांघरूण, वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची आणि मध्येच उठण्याची मुभा, हजेरीच्या नियमात एक वाक्य, चुकलेल्या परीक्षेला दुसरी तारीख. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागतो तो एक ठराव. ज्या संस्था पैशाचे कारण पुढे करतात, त्यांना आधी या बिनपैशाच्या गोष्टींचा हिशेब विचारावा.

तिसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. २०२४ साली महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरून मोठे वादळ उठले आणि तेव्हापासून प्रत्येक दाखल्याकडे संशयाने पाहण्याची वृत्ती बळावली. लबाडी झाली असेल तेथे कारवाई व्हावी. याबद्दल दुमत नाही. परंतु या संशयाचा भार कोणावर पडतो हे पाहिले पाहिजे. ज्याच्याजवळ ओळखी आहेत, वाहन आहे, वकील आहे, त्याला खरा किंवा खोटा दाखला मिळवणे अवघड नसते. पाड्यावरच्या रोग्याला खराच दाखला मिळत नाही. अर्ज संगणकावर भरावयाचा, तपासणीच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात पोचावयाचे, कागद अपुरा निघाला की पुन्हा यावयाचे. आणि सिकलसेलच्या तपासणीची पत्रिका हातात असली तरी दिव्यांगत्वाचा दाखला वेगळा काढावयाचा. त्यातून ज्या दिवशी मंडळापुढे उभा राहिला त्या दिवशी वेदना नसेल, तर टक्केवारी काय ठरणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, टक्केवारीचा आकडा पाहून विद्यार्थ्याला अपात्र ठरवू नये. तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो की नाही हे पाहावे. आकड्यामागचा माणूस पाहण्याचा हा धडा विद्यापीठाच्या कार्यालयांनाही लागू आहे.

सिकलसेलवर येथे भर दिला, याचा अर्थ इतर दिव्यांग विद्यार्थ्यांचा प्रश्न सुटला आहे असा नाही. अंध विद्यार्थ्याला लेखनिक शोधण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकली जाते. बहिऱ्या विद्यार्थ्यापुढे अध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतो. पायाने अधू मुलाची परीक्षेची खोली दुसऱ्या मजल्यावर लागते. लेखनिकाबद्दल तर एक प्रकारची अढीच आहे. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले ते त्याचे कसे, असे विचारले जाते. या विद्यापीठाने तरी असे विचारू नये. ज्या बहिणाबाईंचे नाव त्याच्या कमानीवर आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे रचले ते मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी टिपून ठेवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ते पुस्तकरूपाने आले. हात दुसऱ्याचा होता म्हणून त्या कवितेवरचा त्यांचा अधिकार कोणी नाकारला नाही. महाराष्ट्राच्या सारस्वताने एका शेतकरी स्त्रीला जे दिले, ते तिच्या नावाच्या विद्यापीठाने आपल्या अंध विद्यार्थ्याला विनातक्रार द्यावे.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. तजवीज करावयाची म्हणून या मुलांची नावे सूचनाफलकावर लावली, त्यांना वेगळ्या रांगेत बसवले, तर उपायच अपाय ठरेल. सिकलसेलचे नाव निघाले की मुलीचे लग्न अडते, ही भीती खरी आहे. म्हणून पुष्कळ विद्यार्थी आजार लपवतात. तेव्हा नोंद गुप्त राहिली पाहिजे. अध्यापकाला एवढेच कळले पुरे की, या विद्यार्थ्याला अमुक सोय मंजूर आहे. रोगाचे नाव त्याला कळण्याचे कारण नाही. तसेच, रोगाच्या नावाखाली त्या मुलीला सहलीतून, राष्ट्रीय सेवा योजनेतून, नाटकातून परस्पर वगळण्याचा अधिकार कोणाला नाही. तिला काय झेपते हे तिलाच विचारावे. आणि वाहकांना रोगी समजून त्यांच्यावर शिक्का मारण्याचा अडाणीपणा तर कटाक्षाने टाळावा.

मग करावयाचे काय? विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी रेटा दिल्याशिवाय विद्यापीठे हलत नाहीत, हा जगाचा अनुभव आहे. पोलिओने मानेखाली लुळा झालेला एड रॉबर्ट्स १९६२ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात शिकावयास आला. त्याचे लोखंडी श्वसनयंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाने त्याला आपल्या रुग्णालयात ठेवले. हळूहळू तेथे तसेच आणखी विद्यार्थी जमले, ते संघटित झाले, आणि १९७० च्या सुमारास त्यांनी स्वतः चालवलेली विद्यार्थी-साहाय्य योजना उभी केली. रुग्ण म्हणून ज्यांना ठेवले होते त्यांनीच विद्यापीठाला शिकवले. या जिल्ह्याला संघर्षाचे धडे बाहेरून आणावे लागत नाहीत. १९४२ साली नंदुरबारच्या रस्त्यावर गोळी झेलणारा शिरीषकुमार हा शाळकरी मुलगाच होता. १९७२ नंतर शहाद्याच्या शेतमजुरांनी श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली जमीन आणि मजुरी यांसाठी लढा दिला. नर्मदेच्या काठी विस्थापितांनी जीवनशाळा चालवल्या. त्याच लोकांची मुले आता पदवीच्या वर्गात आली आहेत.

कामाचा आरंभ हजेरीपटापासून करावा. प्रत्येक महाविद्यालयात गेल्या तीन वर्षांत पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी आले आणि तिसऱ्या वर्षाला किती पोचले हे विचारावे; जे गळले त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे. त्यातील किती आजाराने गळले हे जिल्ह्याला कळेल तेव्हा कळेल, पण कार्यकर्त्याला पाड्यावर गेल्याशिवाय कळणार नाही. दुसरे, दिव्यांगत्वाच्या दाखल्याची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, धडगाव आणि मोलगीच्या बाजूला, ठरावीक दिवशी व्हावी अशी जिल्हा रुग्णालयाकडे मागणी करावी. तिसरे, विद्यापीठाच्या अधिसभेत आणि परीक्षा मंडळाकडे लेखी प्रस्ताव द्यावा की, ज्या विद्यार्थ्याचा दीर्घकालीन आजार एकदा प्रमाणित झाला आहे, त्याला प्रत्येक गैरहजेरीचा नवा दाखला मागू नये; आजारामुळे चुकलेल्या परीक्षेला त्याच सत्रात दुसरी तारीख मिळावी; लेखनिकांची यादी प्रत्येक महाविद्यालयाने जूनमध्येच तयार ठेवावी. चौथे, समान संधीचे धोरण आणि तक्रार-निवारण अधिकारी यांची तरतूद कायद्यात आहे. ते धोरण कोठे आहे आणि तो अधिकारी कोण आहे हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर पुण्यास दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे, तेथे जावे.

३ डिसेंबर १९५१ ही बहिणाबाईंच्या निधनाची तारीख. १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने तोच ३ डिसेंबर जागतिक दिव्यांग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयांत समारंभ होतात, गुलाबाची फुले दिली जातात, भाषणे होतात. येत्या ३ डिसेंबरला कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्राचार्यांपुढे एक कागद ठेवावा. त्यावर तीनच रकाने असावेत : किती दिव्यांग विद्यार्थी आले, त्यांना कोणती तजवीज लेखी मंजूर झाली, आणि किती गळले. पहिल्या वर्षी रकाने रिकामेच येतील. पुढच्या वर्षी पुन्हा जावे.